बादलीतले आठ दिवस

बंदीचे दिवस. होडी शाकारून माडाखाली,
आणि लेकीची काचेची पेटी माझ्या गळ्यात.
दीपश्री कोल्हापुरात नर्सिंगला गेली,
जाताना सात गप्पी आणि एक गोगलगाय
माझ्या नावावर करून गेली.
चाळीस वर्षं सर्जेकोटच्या किनाऱ्यावर
मी मासे मोजले ते टोपलीवर.
ह्या सातांना नावं आहेत.

पेटी दिसायची रिकामी,
बिऱ्हाडकरू रात्रीत सोडून गेल्यासारखी.
म्हटलं, सामान भरूया.

पहिल्यांदा काढल्या जाळ्याच्या शिशाच्या गुंड्या,
बापाच्या हातच्या, काळ्या, गुळगुळीत.
फोनवर लेक किंचाळली,
"बाबा, शिसा नको हां! विष असता ता."
विष?
अगो, आम्ही ते दातांनी चावून दोरीवर आवळायचो.
तिकडून बराच वेळ काही आलं नाही.
मग हळूच, "म्हणानच सांगतंय."

तांब्याचा गडूही नको. गोगलगाय टिकणार नाही.
दारात शंख-शिंपल्यांचा ढीग,
तोही नको, पाणी कडक होतं;
गप्पी गोड्या पाण्यातले, त्यांना समुद्र झेपत नाही.
समुद्राच्या कुशीत घर माझं
आणि घरात समुद्राची एक कवडी चालेना!

दगडावर लिंबू पिळ, म्हणाली,
फसफसला तर बाहेर ठेव.
मी गडग्यावरच्या दगडांवर लिंबं पिळत सुटलो.
बाबल खवणेकर सायकल थांबवून बघत राहिला,
"काय रे, दगडांचा लोणचा घालतंस?"

हळूहळू मलाच कळत गेलं.
रंग नखाने खरवडून बघायचा.
साबण लावायचा नाही, नुसतं ऊन पाणी आणि काथ्या.
काठ ओठावरून फिरवायचा;
ओठाला बोचतो तो शेपटीलाही बोचणार.
आणि भोक असेल तर एवढं, की मासा आत वळेल.
हे मात्र मला सांगावं लागलं नाही.
शिरता यावं आणि फिरता येऊ नये,
असं विणणं हाच तर माझा धंदा होता.

एक मडकं मी गुपचूप उचललं.
"माझा तिखल्याचा मडक्या खंय?"
बायकोने चुलीपासून पेटीपर्यंत माग काढला.
वीस वर्षं बांगडा शिजलेलं मडकं,
त्याच्या अंगात मुरलेलं तेल, मीठ, तिरफळ.
"ह्येच्यात माशांका घर देतंस?
लाज नाय वाटत?"
वाटली. परत ठेवलं.

करवंटी तेवढी पास झाली.
सात वेळा उकळली. पहिलं पाणी कोऱ्या चहासारखं,
सातवं स्वच्छ.
काठ घासता घासता अंगठ्याची साल गेली.

मग जाळ्यांच्या पेटाऱ्यात, अगदी तळाला,
आजोबांच्या वेळच्या गुंड्या सापडल्या.
शिशाच्या आधीच्या. भाजल्या मातीच्या,
मधोमध भोक, कुंभाराच्या बोटाची रेघ अजून तशीच.
आठ दिवस बादलीत ठेवल्या.
मी रोज सकाळी पाणी हुंगायचो, बोटांत चोळून बघायचो,
तवंग नाही, वास नाही,
जाळं टाकल्यावर पाण्याकडे बघतात तसा बघत बसायचो.
नवव्या दिवशी पेटीत सोडल्या.

काल रात्री बॅटरी मारली तर
गुंडीच्या भोकातून दोन डोळे.
टाचणीच्या डोक्याएवढं पिल्लू,
कधी झालं, कुणाचं, काही पत्ता नाही.
आजोबांनी ज्याने जाळं बुडवलं
त्याच्यात ते खुशाल बसलेलं.

लेकीला फोटो पाठवला.
तिने विचारलं, "आणि शिशाच्या खंय ठेवलंस?"

फडक्यात बांधून माळ्यावर, म्हटलं.
फोन ठेवून जीभ उगाच दातांवरून फिरवली.
मग हात धुतले, साबणाने, कोपरापर्यंत,
आणि साबणाचा वास जाईपर्यंत
परत नुसत्या पाण्याने.
त्यांची खायची वेळ झाली होती.